लोणीफळाचे गुंडेराव

डाव्या हाताच्या चिमटीत स्वतःच्या कानाची पाळी आणि उजव्या हातात एक हिरवंगार, पेरूहून मोठं, नारळाहून लहान फळ, अशा थाटात सोलापूर स्टेशनच्या पारसल ऑफिसात बसलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मला वाटलं, हा कसली तरी शपथ घेतोय. एकदा तो पाळी दाबे, एकदा फळ दाबे. मग डोळे मिटून जरा विचार करी आणि नकारार्थी मान हलवी. खिडकीसमोर मी उभा, माझ्यामागे आणखी चार-पाच माणसं खोळंबलेली, आणि ह्याचं आपलं पाळी-फळ, पाळी-फळ चाललेलं.

"अजून दोन दिवस," तो फळाला म्हणाला. मग मला म्हणाला, "हं. बोला."

पुण्याहून आलेली माझी पेटी मला सोडवायची होती. सोलापुरातल्या एका शाळेत मराठीचा मास्तर म्हणून मी नुकताच लागलो होतो. एकोणीसशे सत्तावीस-अठ्ठावीस साल असेल.

"पेटी आहे. लाकडी."

"लाकडी पेट्या आत सतरा आहेत. वर्णन बोला."

"मोठी आहे. चांगली आहे."

"चांगली हे वर्णन नव्हे," तो म्हणाला. "प्रत्येकाला आपली पेटी चांगलीच वाटते. कशासारखी, ते बोला."

मी चिडलो. चिडलो की मला शब्द बरे सुचतात. मी म्हणालो, "झाकणाची एक कडी तुटलेली आहे, तिथं सुतळी बांधली आहे. डाव्या अंगाला शाई सांडली होती, तिचा डाग पंख पसरून बसलेल्या कोंबडीसारखा दिसतो. आणि उचलली की आत काहीतरी गडगडतं, ती आमची पोळपाट-लाटण्याची जोडी."

तो माणूस उठून उभा राहिला. दोन्ही हात खिडकीच्या फळीवर टेकून माझ्याकडे बघत म्हणाला, "वा! म्हादू, कोंबडीवाली पेटी काढ." आणि मग हळू आवाजात, "मास्तर, तुमच्याकडे शब्द आहेत. मला उपयोगी पडाल. राहता कुठं?"

मी शुक्रवार पेठेतल्या बोळाचं नाव सांगितलं. तर हे गृहस्थ माझ्या शेजारच्याच घरात राहत होते. अशी माझी आणि गुंडेरावांची ओळख झाली.

गुंडेराव पारसल ऑफिसातले हेडक्लार्क. कट्टर वैष्णव. कपाळावर कोळशाची उभी काळी रेघ, तिच्याखाली अक्षतेचा ठिपका, अंगात बारा महिने काळा कोट आणि खाली धोतर. बायको वारून बरीच वर्षं झालेली. स्वयंपाक स्वतः करत, तो सोवळ्यात. एकादशीला पाण्याचा थेंब घेत नसत. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि साहेब आला की रेल्वेपुरती इंग्रजी. पंचवीस वर्षं पारसलच्या पावत्या लिहून त्यांना एक खोडच लागली होती. कुठलीही गोष्ट नुसत्या नावावर त्यांना पटायची नाही, तिचं वर्णन हवं. एखाद्या बाईनं टोपलीत 'पाहुण्यांसाठी काहीबाही' आहे म्हटलं की ते लेखणी खाली ठेवत. "काही वेगळं आणि बाही वेगळं. दोन्ही बोला." शेवटी त्या टोपलीत चाळीस कडक भाकरी आणि दोन शेर शेंगाचटणी आहे, आणि चटणीत लसूण जरा जास्त झालाय, इथपर्यंत सगळं बाहेर यायचं. मागची रांग शिव्या देत असायची.

आता ते फळ. गुंडेरावांची एकुलती एक मुलगी गोदावरी बंगळूरला दिलेली. तिच्या सासरच्या परसात या फळाचं एक झाड होतं. कुण्या मिशनरी मडमेनं तिच्या सासऱ्यांना रोप दिलं होतं म्हणे. इंग्रजीत त्याला अ‍ॅव्होकॅडो म्हणतात हे मला पुढं कळलं. तिकडं कानडीत बेण्णे हण्णु, म्हणजे लोणीफळ, आणि आमच्या बोळात तेच नाव रुळलं. दर श्रावणात गोदू एक टोपली भरून फळं रेल्वेनं पाठवी. गवतात एकेक फळ नीट रचलेलं आणि वरून तिच्या जुन्या लुगड्याचा तुकडा शिवलेला. ती टोपली आली की गुंडेराव रजा न काढता रजेवर जात. म्हणजे शरीरानं खिडकीशी, पण ध्यान टोपलीत.

हे फळ झाडावर पिकत नाही. काढून ठेवलं की मग सावकाश मऊ होतं. कधी झालं ते रंगावरून कळत नाही. म्हणून गोदूनं पत्रात लिहिलं होतं, कानाची पाळी दाबून बघा, तितकं मऊ लागलं की कापा. तिनं एका ओळीत लिहिलं ते गुंडेरावांनी व्रतासारखं धरलं. फळं ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवायची आणि सकाळ-संध्याकाळ एकेक बाहेर काढून पाळीशी ताडून बघायचं. श्रावण संपेपर्यंत त्यांची डावी पाळी उजवीपेक्षा लाल झालेली असे.

त्यांनी पहिल्यांदा आम्हाला दोन फळं दिली ती कच्ची होती. "दोन दिवस थांबा, वहिनी," असं त्यांनी माझ्या बायकोला बजावलं होतं. पण आमच्या घरात थांबणं नाही. हिनं ते फळ दाबून पाहिलं, वांग्याच्या जातीचं आहे असं ठरवलं, चार चिरा दिल्या आणि दाण्याचं कूट, काळा मसाला भरून फोडणीला टाकलं. घरभर वास तर छान सुटला. पहिला घास मी घेतला. कारलं त्यापुढं पेढा. मी पाण्यासाठी धावलो, ही माझ्यामागं धावली. आणि त्याच क्षणी गुंडेराव दारात उभे. हातात एक मोठी जाड वही.

"झालं का खाऊन? बोला. कशासारखं?"

"कडू!" मी म्हणालो.

"कडू खूप गोष्टी आहेत, मास्तर. कडुलिंबासारखं की जळक्या मेथीसारखं?"

"जळक्या मेथीसारखं," ही आतून म्हणाली. "आणि माझा मसाला वाया गेला तेही लिहा."

त्यांनी खरोखर लिहिलं. ती वही म्हणजे पारसल ऑफिसातलं रद्दी झालेलं रजिस्टर होतं. त्यात आधीच रकाने आखलेले. त्यांवर गुंडेरावांनी नवी नावं घातली होती: खाणाऱ्याचे नाव, कशाबरोबर खाल्ले, कशासारखे लागले, शेरा. आमच्या नावापुढं शेरा पडला, 'शिजवू नये.'

मी वही चाळून पाहिली. अर्धं सोलापूर त्यात होतं. साखर पेठेतला मल्लय्या पद्मशाली लुगड्यांचे गठ्ठे पाठवायला यायचा, त्याला गुंडेरावांनी खिडकीतूनच एक फळ दिलं होतं. तो ते घरी घेऊन गेला, चिंच, मिरची, मीठ घालून त्याची पच्चडी, म्हणजे तेलुगू चटणी, केली आणि दुसऱ्या दिवशी सांगून गेला, "जिभेला बरं आहे बाबू. पण हाताला खळ लागतंय, सुताला लावतो तसलं." तेही वहीत होतं. कुणी गूळ-दूध घालून शिकरण केलं होतं, कुणी दह्यात कोशिंबीर. एका तिकीटबाबूनं साखर घालून खाल्लं होतं आणि 'विसरून गेलेल्या खव्यासारखं' असं सांगितलं होतं, त्यावर गुंडेराव बेहद्द खूश होते.

म्हादू हमालाचं मत मात्र मी समक्ष ऐकलं. म्हादू वेळापूरकडचा. त्याला चार वेळा विचारल्यावर तो म्हणाला, "खरं सांगू का, बाबूसायेब? साबण चाटल्यावानी लागतंय की."

"कुठला साबण? अंगाचा की कपड्यांचा?"

"कपड्याचाच की. अंगाचा मी कुटं चाटलाय?"

गुंडेरावांनी गंभीरपणे लिहून घेतलं. हसलो मी. पण खरा शोध लावला तो या म्हादूनंच. तीन-चार दिवसांनी मी माझं काही काम काढून स्टेशनवर गेलो होतो. म्हादू गोण्यांवर बसून जेवत होता. फडक्यात कडक भाकरी, तिच्यावर शेंगाचटणीचा ढीग. गुंडेरावांनी त्याच्यापुढं अर्धं लोणीफळ ठेवलेलं. त्यानं नाखुशीनं बोटानं थोडा गर काढून भाकरीवर फासला, वर चटणी दाबली आणि कडकन घास तोडला. थांबला. पुन्हा तोडला.

"बोल," गुंडेराव म्हणाले.

"थांबा की जरा," म्हादू तोंडातल्या तोंडात म्हणाला आणि अख्खी भाकरी संपवून मगच बोलला. "लई ब्येस लागतंय. आता ह्याला कायतरी अरथ हाय. नुसतं खाल्लं की काय बी न्हाय, भाकरीसंगं खाल्लं की लोणी हाय."

त्या दिवसापासून आमच्या बोळात लोणीफळ खायची रीत ठरून गेली. फळ पाळीइतकं मऊ झालं की आडवं कापायचं, बी काढायची, गर चमच्यानं खरवडून घ्यायचा, चिमूटभर मीठ, लिंबाचे चार थेंब, बोटांनी अर्धवटच कुस्करायचं आणि कडक भाकरीवर पसरून वर शेंगाचटणी भुरभुरायची. लगेच खायचं, नाहीतर भाकरी मऊ पडते आणि गर काळवंडतो. आमच्या हिनंसुद्धा, कडू भाजीचा अपमान विसरून, दोन खाल्ल्या.

मला त्यांनी नुसता गर चाखायला लावला होता. मराठीच्या मास्तरांकडून जरा वरच्या दर्जाची अपेक्षा होती. मी डोळे मिटले. मला हुरडा आठवला. कोवळा दाणा दातांखाली आला की आतून जे दूध निघतं, ते. मी म्हणालो, "हुरड्याच्या दुधासारखं." गुंडेराव लिहिता लिहिता थांबले, माझा हात हातात घेऊन त्यांनी दाबला. त्यानंतर आठवडाभर मी स्वतःवर खूश होतो. वर्गातसुद्धा ही उपमा मी दोनदा वापरली.

मग पत्र. सगळ्यांची मतं गोळा झाली की गुंडेराव गोदूला पत्र लिहीत आणि शुद्धलेखनासाठी माझ्याकडे आणत. 'चि. सौ. गोदावरीस अनेक उत्तम आशीर्वाद. टोपली पोचली. एकूण नग एकोणीस, पैकी एक दबलेले. गुरुवारी पिकले. कडक भाकरीवर शेंगाचटणीबरोबर उत्तम लागते. चव हुरड्याच्या कोवळ्या दाण्यातील दुधाप्रमाणे, अंग ताज्या लोण्याप्रमाणे. शिजवू नये.' असं पान भरून. मी ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचो. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी असंच पत्र वाचताना माझ्या ध्यानात आलं की यात 'मला' हा शब्दच नाही. 'मला असे लागले' नाही, 'मी खाल्ले' नाही. नुसतं 'लागते', 'असते', 'होते'.

"गुंडेराव, 'मला फार आवडले' असं एक वाक्य घाला की. मुलीला बरं वाटेल."

"ते वर्णन नव्हे," असं म्हणून त्यांनी पत्र काढून घेतलं.

मी मागं वळून आठवू लागलो. ह्या माणसाला लोणीफळ खाताना मी कधी पाहिलं होतं? एकदाही नाही. श्रावणी सोमवार, एकादशी, खोकला, दाढदुखी, 'आत्ताच जेवलो'. मला राग आला. म्हणजे आम्ही सगळे ह्याचे प्रयोगाचे उंदीर, आणि हा स्वतः नामानिराळा! मी घरी येऊन तावातावानं बायकोला सांगितलं की, तुमच्या गुंडेरावांना ते फळ मुळात आवडत नाही, आणि मुलीला तसं सांगायची हिंमत नाही, म्हणून ही सगळी सोंगं.

ही भाकरी थापत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, काहीतरीच काय बोलता! गोदूला मूल नाही ना अजून."

"त्याचा काय संबंध?"

"लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं खायचं नसतं, पाणीसुद्धा प्यायचं नसतं. माझ्या बाबांनी तुमच्याकडे कधी पाणी घेतलं होतं का आपला बंडू होईपर्यंत?"

घेतलं नव्हतं. आणि मला वाटत आलं होतं की सासरे आमच्या माठाला नावं ठेवतायत.

त्यांना विचारायचा धीर मला झाला तो थेट पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत. वैशाखातली टळटळीत दुपार. गुंडेराव परसात, डोक्यावर पंचा, आणि हातातली छत्री स्वतःवर नव्हे, एका कंबरेइतक्या रोपावर धरलेली. दर वर्षीच्या बिया ते रुजवत असत. सोलापूरच्या उन्हापुढं त्या कोवळ्या पानांचं काही चालत नसे. काही करपल्या, दोन शेजारच्या शेळीनं खाल्ल्या. हे एकच रोप दोन उन्हाळे काढून तिसऱ्यात आलं होतं. त्याच्या बुडाशी ओली गोणपाटं गुंडाळलेली.

मी आडवळणं न घेता विचारलं. ते बराच वेळ छत्रीचा दांडा या हातातून त्या हातात घेत राहिले.

"माझ्या वडिलांनी पाळलं, आजोबांनी पाळलं," ते म्हणाले. "त्यांना वर्ष-दीड वर्ष पाळावं लागलं. मला सातवं वर्ष आहे."

"मग तिला तसं लिहा की."

"काय लिहू? तुझी फळं मी तोंडात घालत नाही, असं? म्हणजे अप्पा बसलेत मोजत, हेच तिला कळायचं. दर श्रावणात टोपली शिवताना तिच्या मनात तेच येईल. पहिल्याच टोपलीबरोबर तिनं विचारलं होतं, अप्पा, कसं लागतं सांगा. खोटं मला लिहिता येत नाही. मग म्हटलं, चार लोकांना खायला घालू, त्यांना विचारू आणि लिहू. वर्णन तर खरंच असतं ना, मास्तर?"

"मग सरळ खाऊन टाका. बघतंय कोण?"

गुंडेरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी असं विचारायला नको होतं.

"मी खाल्लं म्हणजे मी आशा सोडली, असं नाही का होणार?" ते म्हणाले. "कुणी बघू दे, न बघू दे. मला तर कळेल."

मग जरा सावरून ते त्या रोपाकडे वळले. शास्त्रीबोवांना त्यांनी विचारून ठेवलं होतं. बी लेकीच्या घरची, माती माझ्या घरची, पाणी माझ्या आडाचं, तर फळ कुणाचं? शास्त्रीबोवांनी तीन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, असलं फळ कुठल्या ग्रंथात नाही, पण झाड ज्याच्या अंगणात, फळ त्याचं. "म्हणजे ह्याला फळ लागलं की मी खाणार," गुंडेराव म्हणाले. "नातू-बितू... म्हणजे, जे व्हायचं ते होईल. पण चव तरी कळेल. आणि मास्तर, हे गोदूच्या कानावर जाता कामा नये. शपथ आहे तुम्हाला."

मी शपथ घेतली. त्या दिवसापासून दोन वैशाख मीही अधूनमधून छत्री धरली.

त्या दुसऱ्या वैशाखानंतरच्या श्रावणात टोपली आली ती गोदूबरोबरच. ती पंचमीला माहेरी आली होती. याआधी एकदा दिवाळीला येऊन गेली होती, पण फळांच्या दिवसांत पहिल्यांदाच. बापासारखीच उंच, बोलताना मधेच 'हो'ऐवजी कानडी 'हौदु' म्हणायची सवय. आमच्या बंडूला तिनं आल्या आल्या कडेवर घेतलं आणि चार दिवस खाली ठेवलं नाही. गुंडेराव हवेत होते. स्टेशनवर सगळ्यांना सांगत सुटले, गोदू आलीय. आणि एकीकडे आमच्या हिला हळूच विचारून गेले की, खोकल्याला बाहेरून दिसेल असं काय करता येतं?

चौथ्या दिवशी, रविवारी दुपारी, गोदूनं आम्हाला बोलावलं. फळं पाळीला उतरली होती. ओसरीवर बसून तिनं स्वतः कापली आणि ताटलीत फाका पुढं केल्या. गुंडेरावांनी गळ्याला जाड पंचा गुंडाळला होता, श्रावणातल्या दुपारी. ते दोनदा खोकले. गोदूनं त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून हसत म्हणाली, "मास्तर, अप्पांना फार छान लिहिता येतं, नाही? हुरड्याच्या दुधासारखं, असं लिहिलं होतं त्यांनी. मी सासूबाईंना वाचून दाखवलं. तीन दिवस घरात सगळ्यांच्या तोंडी तेच. आमच्याकडे कुणाला असलं सुचत नाही."

आता मी गप्प बसायचं होतं. जगातला कुठलाही शहाणा माणूस गप्प बसला असता. पण आयुष्यात एकदा जमलेली उपमा, ती बंगळूरपर्यंत पोचलेली, आणि तिचं श्रेय डोळ्यांदेखत दुसऱ्याला जातंय!

"ते माझं आहे," मी म्हणालो.

हिनं माझ्या पायाला पाय लावला. उशीर झाला होता.

गोदूचं हसू तसंच राहिलं. "आणि विसरून गेलेला खवा?"

मी खाली पाहिलं. "तिकीटबाबू," गुंडेराव अगदी हळू म्हणाले. खोटं त्यांना येत नव्हतं हे खरंच.

"साबण? त्या वर्षी तुम्ही लिहिलं होतं, कुणाला साबणासारखंही लागतं."

"म्हादू हमाल."

"मग तुमचं कुठलं, अप्पा?"

गुंडेरावांनी खोकायचा प्रयत्न केला. खोकला आला नाही. बंडू ताटलीतली फाक उचलून कुस्करत बसला होता. गोदूनं बंडूचे हात पुसले, त्याला हिच्या मांडीवर दिला, दोन फळं उचलली आणि आत गेली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

थोड्या वेळानं आतून हाक आली, "अप्पा, या. पाट मांडलाय."

गुंडेराव उठले. मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. निघून जायला हवं होतं, पण पाय निघाला नाही. पाटासमोर ताट. ताटात कडक भाकरी, तिच्यावर पसरलेला हिरवट पिवळा गर, वर शेंगाचटणी. अप्पांना लसूण वर्ज्य, म्हणून तिनं ती लसूण न घालता कांडली होती, म्हणजे हे तिनं सकाळीच ठरवलं होतं.

"गोदू, मला जरा खोकला..."

"खोकला नाही तुम्हाला. पहिल्या दिवसापासून बघतेय मी." ती चुलीपाशी उभी होती. "मला मूल होणार नाही, अप्पा. डॉक्टरीणबाईंनी गेल्या वर्षीच सांगितलं. ह्यांना माहीत आहे, सासूबाईंना माहीत आहे. घरात कुणी मला वावगा शब्द बोललेलं नाही. तुम्हालाच सांगायचं राहिलं होतं. पत्रात लिहवेना. म्हणून मी आले. चार दिवस झाले, तोंड उघडत नव्हतं. तुम्ही रीत पाळून, फळसुद्धा न खाता, एवढी वाट बघत होतात ते मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर आधीच आले असते."

गुंडेराव तिच्याकडे बघत उभे होते. त्यांचा हात गळ्यातल्या पंच्याशी गेला आणि तिथंच राहिला. मला वाटलं आता ते बाहेर येतील, परसात त्या झाडापाशी जातील. मला रडू येत होतं आणि स्वतःचाच संतापही येत होता.

"बसा," गोदू म्हणाली. "भाकरी मऊ पडेल."

गुंडेरावांनी पंचा सोडून खुंटीवर ठेवला. पाय धुऊन आले, पाटावर बसले. ताटाभोवती पाणी फिरवलं, चित्राहुती घातल्या, आचमन केलं, सगळं रोजच्यासारखं सावकाश. मग भाकरीचा एक तुकडा मोडला. त्या स्वयंपाकघरात त्याचा कडाड आवाज झाला. त्यांनी तो तोंडात घातला आणि डोळे मिटून चावत राहिले. मग दुसरा. मग तिसरा. शेवटी ताटात सांडलेली चटणी बोटांनी गोळा करून तीही खाल्ली. गोदूनं न विचारता दुसरी भाकरी वाढली, ती पण संपली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते, कारण उजवा हात उष्टा होता आणि डाव्या हातानं त्यांनी गोदूच्या लुगड्याचा काठ धरला होता.

ती त्यांच्यासमोर खाली बसली. बापाचाच सूर काढून म्हणाली, "चांगलं म्हणू नका हं, अप्पा. कशासारखं, ते बोला."

गुंडेरावांनी आधी माझ्याकडे पाहिलं. सवयच ती. पण मी मराठीचा मास्तर असून माझ्याजवळ त्या घडीला एक शब्द नव्हता. त्यांनी पुन्हा तिच्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

"पुढच्या वर्षी टोपलीत दोन जास्त घाल," ते म्हणाले.

"कुणासाठी, अप्पा?"

"मला," गुंडेराव म्हणाले.